दुसरी सही

काचेवर काहीच नव्हतं. प्रमुख बाईंनी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, खुर्चीवरून उठल्या आणि त्याला म्हणाल्या, "बसा. सावकाश बघा, घाई नाही." तो बसला. डोळे लावले. डाव्या हाताने बारीक चक्र फिरवलं आणि उजव्या हाताने काच वरच्या कोपऱ्यापासून एकेक पट्टा खाली आणू लागला, गेली नऊ वर्षं आणत होता तशीच. उजेडाचा गोल आणि त्यात नुसता उजेड. आधी त्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय, चक्र जास्त फिरलं असेल. मग वाटलं, भिंग बदलून बघावं. बदललं. धुळीचा एक कण दिसला, झाकणकाचेखाली अडकलेला हवेचा बुडबुडा दिसला, पण पेशी म्हणून एक नाही. काचेच्या टोकाला नंबर मात्र ठसठशीत होता. आणि शेजारी टेबलावर त्याच नंबरची चिठ्ठी होती, तिच्यावर त्याच्याच वळणदार अक्षरात काल दुपारी लिहिलेलं होतं : दोष आढळला नाही. खाली त्याची सही. "तसं तुम्ही खोटं नाही लिहिलंत," प्रमुख बाई म्हणाल्या. "काहीच नाही, तर दोष कुठून असणार?" त्या हे हसून म्हणाल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या आणि त्याला पुन्हा भिंगात डोळे घालून बसावंसं वाटलं, कारण तिथे निदान कुणाचा चेहरा नव्हता.

या प्रयोगशाळेत माणसांच्या अंगातून काढलेल्या पेशी काचेवर पसरून तपासत, आणि प्रत्येक काच दोघे बघत. पहिला बघायचा, आपलं म्हणणं चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी दुमडून ट्रेच्या मागच्या खणात टाकायचा. दुसऱ्याने ती न उघडता तीच काच पहिल्यापासून बघायची आणि आपली वेगळी चिठ्ठी लिहायची. मग दोन्ही चिठ्ठ्या बाईंच्या टेबलावर शेजारी शेजारी उलगडत. मायदेशातल्या त्याच्या इस्पितळातही सह्या दोनच होत्या, पण तिथे कागद एकच होता. वर मोठ्या साहेबांची सही, खाली ह्याची. साहेबांनी ठीक लिहिलं की ठीकच असायचं, तो बघायचा नाही असं नव्हतं, बघायचाच, पण उत्तर आधी वाचलेल्या डोळ्यांनी बघायचा. तीच सवय त्याने परदेशात येताना बॅगेत घालून आणली होती आणि त्याला पत्ताही नव्हता. काल दुपारी पाठ धरली होती. ट्रेमधली शेवटची काच उरली होती. पहिली नजर आजोबांची होती, म्हणजे खिडकीपाशी बसणाऱ्या त्या म्हाताऱ्या तपासनिसाची, ज्याला तो मनातल्या मनात आजोबा म्हणे. तीस वर्षं काचा बघून त्यांच्या कपाळावर भिंगाच्या टेकूची कायमची खूण पडली होती. त्याने नखाने चिठ्ठीची घडी किंचित उघडली, आजोबांचं अक्षर वाचलं आणि काच भिंगाखाली न घालताच आपल्या चिठ्ठीवर तेच लिहून सही ठोकली. नव्या माणसाच्या तिसऱ्या महिन्यात त्याच्या ट्रेमध्ये एक कोरी काच घालायची इथली रीत होती, हे त्याला आज कळलं. आजोबांना ते ठाऊक होतं. चिठ्ठी त्यांनी बाईंच्या सांगण्यावरूनच लिहिली होती.

"चिठ्ठी का उघडलीत?" बाईंनी विचारलं.

"त्यांनी बघितली होती ना काच," तो म्हणाला. इथली भाषा त्याला कामापुरती चांगली येत होती, लाज वाटली की मात्र शब्द सापडत नसत. "त्यांचा एवढा अनुभव. माझा त्यांच्यावर विश्वास आहे."

"माझाही आहे," बाई म्हणाल्या. "पण त्यांच्यावर तुमचा विश्वास आहे, याची सही घेऊन मी काय करू? तुम्हाला काय दिसलं ते मला हवंय. नाहीतर दोन माणसं कशाला बसवायची? एकालाच दोनदा सही करायला सांगितलं असतं." मग त्यांनी आवाज जरा खाली आणला. "हे तुमच्या नोंदीत जाईल. एवढ्यावरून आम्ही कुणाला परत पाठवत नाही. पण आज आता काचा बघू नका. घरी जा. उद्या आठला या."

रस्त्यावर आला तेव्हा अकराच वाजले होते. कामाच्या दिवशी या वेळेला तो कधी बाहेर नसे, त्यामुळे रस्ता त्याला अनोळखी वाटला. बाळांच्या ढकलगाड्या घेऊन निघालेल्या आया, बाकावर बसून पाव खाणारा रंगारी, औषधाच्या दुकानाबाहेर पावती पुन्हा पुन्हा वाचणारी एक बाई. ऊन होतं, पण अंगाला लागत नव्हतं. आपण जेवून घ्यावं असं त्याला वाटलं आणि भूक नाही हेही लगेच लक्षात आलं. नोंदीत जाईल याचं त्याला फारसं काही वाटत नव्हतं, हे त्याचं त्यालाच नवल वाटलं. खुपत होता तो एकच शब्द. विश्वास. तो किती छाती पुढे काढून म्हणाला होता, माझा विश्वास आहे. घरी हा शब्द असाच म्हणायचा असतो. बाबांसमोर तो तोंडातल्या तोंडात म्हणून चालत नाही. आणि मग, रस्ता ओलांडायला थांबलेल्या गर्दीत, दिवा बदलला, सगळे चालू लागले, तो तिथेच उभा राहिला, कारण त्याला गेला रविवार आठवला होता. आठवला म्हणणंही खरं नाही. गेले चार दिवस तो रविवार त्याच्या मानगुटीवरच बसलेला होता. फक्त आत्तापर्यंत त्याने मागे वळून त्याचं तोंड बघितलं नव्हतं.

दर रविवारी उपासना झाली की घरची सगळी मंडळी बाबांच्या खोलीत जमून त्याला फोन लावत. फोन शिवणयंत्राच्या लाकडी फळीवर टेकवून ठेवत. बाबा शिवणयंत्रं दुरुस्त करत, त्यामुळे खोलीत नेहमी दोन-तीन यंत्रं पोट उघडून पडलेली असत आणि फोनमधूनसुद्धा आपल्याला तेलाचा वास येतो असं त्याला वाटे. बाबा चर्चच्या वडीलमंडळींपैकी एक. प्रार्थना त्यांनीच करायची. ती संपली की आमेन मात्र एकत्र म्हणायचं नाही, एकेकाने म्हणायचं, थोरापासून धाकट्यापर्यंत. आधी बाबा, मग मेव्हणे, मग ताई, शेवटी तो. एखादा गप्प राहिला तर बाबा डोळे मिटून वाट बघत. लहानपणी एकदा तो मुद्दाम गप्प बसला होता तर जेवणं गार झाली होती. हे एकेकाचं आमेन बाबांनीच घरात आणलं होतं. सगळ्यांच्या गलक्यात आमेन म्हटलं की कोण मनापासून म्हणालं आणि कोण नुसतं ओठ हलवून गेलं ते कळत नाही, असं ते म्हणत. गेल्या रविवारी ताई फोनमध्ये नेहमीपेक्षा मागे बसली होती, दाराच्या चौकटीला टेकून. बाबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आकाशातल्या बापा, माझ्या लेकीच्या छातीतली गाठ तू विरघळवलीस, म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो." विरघळवलीस. झालेलं होतं ते. गाठ असल्याचं त्याला त्या क्षणीच पहिल्यांदा कळलं, आणि कळलं तेच ती गेल्याच्या आनंदवार्तेतून.

डॉक्टरीणबाईंनी सुई घालून तपासायला सांगितलंय, हे बाबांनी प्रार्थनेतच देवाला सांगितलं, आणि त्याची आता गरज उरलेली नाही हेही देवालाच सांगितलं. उपकार मानून झाल्यावर सुई घालणं म्हणजे दिलेलं परत मोजून घेणं. बाबांचा आवाज चढत गेला. ते म्हणाले, "आमेन." मेव्हणे म्हणाले, "आमेन." ताई म्हणाली, "आमेन," खाली बघून. मग सगळ्यांनी डोळे मिटून त्याची वाट बघितली. त्याची, म्हणजे ज्याच्या भिंगाखाली अशा सुयांनी काढलेल्या पेशी रोज येतात त्याची. ज्याला नीट ठाऊक होतं की अशी गाठ चारांतल्या तिघींची काही नसतेच, आणि चौथीची मात्र एकेक महिना महाग असतो. पडद्यावरचं चित्र जरा अडकलं होतं. फोन तुटल्याचं नाटक करता आलं असतं. तेवढा विचारही त्याला सुचला होता, आणि त्याच विचाराच्या भीतीने की काय, तो म्हणाला, "आमेन." स्पष्ट, खणखणीत, जरुरीपेक्षा मोठ्यांदा. मग मेव्हण्यांनी तिकडे थंडी कशी आहे ते विचारलं आणि त्याने कोट घेतल्याचं सांगितलं.

मागून कुणीतरी धक्का देऊन पुढे गेलं तेव्हा तो चालू लागला. बाबांना दोष देणं सोपं होतं आणि तो ते करायला तयारही झाला होता. देवभोळे आहेत, ऐकत नाहीत, काय करणार. पण बाबा पहिल्यापासून असे नव्हते. आई आजारी पडली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. आईचीही गाठच होती, आणि तीही छातीतच. तिने ती पदराआड वर्षभर ठेवली, कळली तेव्हा फार उशीर झाला होता. त्या दिवसांत बाबा मागत. गुडघ्यांवर बसून, जमिनीला कपाळ लावून, लहान मूल दुकानासमोर हट्टाने बसतं तसे मागत. चर्चची सबंध मंडळी मागत होती, पाळकसाहेब रोज येऊन मागत होते. आई गेली. दफनाहून परत आल्यावर बाबांनी हातपाय धुतले, उघडं पडलेलं एक यंत्र जुळवायला घेतलं आणि स्क्रू पिळता पिळता म्हणाले, "आपण भीक मागितली. ज्याचा भरवसा असतो तो भीक मागत नाही." तेव्हापासून घरात मागणं बंद झालं. परीक्षेच्या आधी पास झाल्याबद्दल उपकार, ताईच्या लग्नाआधी चांगला नवरा मिळाल्याबद्दल उपकार. मंडळीतले लोक बाबांच्या या विश्वासाचं कौतुक करत, त्यांना शेजारच्या चर्चमध्ये बोलायला बोलवत. त्याला स्वतःलाही अभिमान वाटे. आज पहिल्यांदाच, एका चपलांच्या दुकानाच्या काचेत स्वतःचा पडलेला चेहरा बघताना, त्याच्या मनात आलं की बाबांचा आवाज चढतो तो भरवशाने चढतच नसेल. गाठ हा शब्द ऐकल्याबरोबर बाबा सोळा वर्षं मागे गेले असतील, त्या खाटेपाशी. म्हातारा माणूस घाबरलाय आणि घाबरलोय म्हणायची त्याच्या घरात त्यानेच बंदी केलीय. हा विचार आला आणि त्याला बाबांची फार दया आली.

दयेने भागलं असतं तर बरं झालं असतं. पण अजून एक गोष्ट होती, आणि ती बाबांची नव्हती, निव्वळ ह्याची होती. रविवारी प्रार्थनेच्या आधी बाबा ताईला म्हणाले होते, "तुझ्या भावाच्या वेळी काय झालं ते विसरलीस का?" बोलणं कशाचं चाललंय ते तेव्हा त्याला कळलं नव्हतं. भावाच्या वेळी म्हणजे त्याचं परदेशी येणं. या प्रयोगशाळेला वर्षभर शिकायला चार जण निवडायचे होते आणि दीडशे अर्ज होते. निवड झाल्याचं पत्र त्याला एका गुरुवारी संगणकावर आलं. रविवारी उपासनेनंतर सगळ्यांसमोर सांगायचं आणि बाबांना चकित करायचं, असं त्याने ठरवलं होतं. तीन दिवस त्याच्या पोटात ती बातमी मावत नव्हती. रविवारी साक्ष द्यायची वेळ झाली. ज्याला देवाचा काही अनुभव आला असेल त्याने उठून सांगायचं. तो उठणार एवढ्यात बाबा उठले. म्हणाले, "माझा मुलगा परदेशी शिकायला निवडला गेला, म्हणून मी देवाचे उपकार मानतो. पत्र अजून आलेलं नाही. पण मी आजच मानतो." सगळं चर्च हललं. आणि तो बसून राहिला. आता पत्र आलंय म्हटलं तर बाबांच्या त्या उभं राहण्याचा फुगा फुटला असता. त्याने नऊ दिवस पत्र लपवलं आणि मग आत्ताच आल्यासारखं तोंड करून दाखवलं. बाबा रडले. पुढच्या रविवारी पुन्हा उभे राहिले, आणि त्यांच्या शेजारी ह्यालाही उभं केलं. लोकांनी हात हातात घेऊन सांगितलं, असा बाप मिळायला नशीब लागतं. त्याने ते हसून मान्य केलं. बापाच्या आनंदासाठी केलेली एवढीशी लपवाछपवी, असं त्याने मनाला समजावलं, आणि मनही काय, समजुतीला बसलेलंच असतं. आता त्या लपवलेल्या पत्राचा दाखला देऊन ताईची सुई चुकवली जात होती. ताईच्या छातीत गाठ होती आणि तिच्यावरचा इलाज म्हणून त्याचं खोटं लावून ठेवलेलं होतं.

चालत चालत तो त्या लहानशा चर्चपाशी आला, जिथे तो इथे आल्यापासून रविवारी जात असे. इथल्या लोकांशी त्याचं फारसं जमलं नव्हतं. ते प्रार्थनेच्या वेळी गप्प बसत. पाच-पाच मिनिटं कुणी काही बोलत नसे, नुसते बाक करकरत, कुणी खोकत असे, आणि त्याला कासावीस व्हायचं. पहिल्या रविवारी त्याला वाटलं होतं, पाळक पुढचं विसरला. घरी त्याने फोनवर नक्कल करून दाखवली होती आणि बाबा हसून म्हणाले होते, "थंड देशातली माणसं, प्रार्थनाही गारठली असेल." आज दार उघडं होतं. आत एक बाई यंत्राने गालिचा साफ करत होती. तो मागच्या बाकावर बसला, हात जुळवले, डोळे मिटले. तोंडातून बाबांची लकेर निघाली : आकाशातल्या बापा, आम्ही तुझे उपकार. पुढे जाईना. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तीच लकेर, तोच चढ, तिथेच येऊन अडकली. एकोणतीस वर्षांचा झालो, त्याने विचार केला, बायबलच्या वर्गात शिकवलं, लोकांच्या घरी जाऊन प्रार्थना केल्या, आणि आपली म्हणून एक ओळ नाही आपल्याकडे. सगळं दुसऱ्याच्या चिठ्ठीतलं. तो शब्द शोधत राहिला आणि शब्दांच्या जागी त्याला फक्त तो पांढरा गोल दिसत राहिला, नुसता उजेड. बऱ्याच वेळाने यंत्र बंद झालं. साफसफाईची बाई जवळ येऊन उभी होती. "तुमची प्रार्थना चालू असेल तर हा भाग मी मागाहून करते," ती म्हणाली.

"नाही," तो म्हणाला. "चालू नाहीये."

"मग जरा पाय वर घ्या."

त्याने पाय वर घेतले. ती त्याच्या बाकाखालून यंत्र फिरवत गेली आणि तो पाय उचलून बसून राहिला. यंत्र पुढे गेलं तरी तसाच बसला होता. त्याला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. चालू नाहीये. इथे आल्यापासून त्याने देवाच्या दारात बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं, आणि तेही देवाशी नव्हतं. पण ते बोलून आभाळ कोसळलं नव्हतं. कुणी रागावलं नव्हतं. उलट या तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याला वाटलं की इथे कुणीतरी आहे, त्याच्या बोलण्याची घाई नसलेलं, आणि त्याने काहीतरी ठोकून द्यावं अशी अपेक्षा नसलेलं. तो कोण, याबद्दल त्याच्या मनात शंका आली नाही. भीती मात्र गेली नाही. ती तशीच होती. आजवर त्याचा समज होता की भरवसा आला की भीती जाते. दोघं एकाच बाकावर शेजारी बसू शकतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेर पायरीवर बसून त्याने ताईला फोन लावला. तिची बालवाडी सुटायची वेळ झाली होती. मागे मुलांचा कालवा ऐकू येत होता, कुणीतरी कुणाची टोपी घेतली होती.

"काय रे बाळ्या, आज मधेच? बरा आहेस ना?"

"ताई, जरा बाजूला येतेस? एकटी."

दार लावल्याचा आवाज आला. "हं. बोल. कामावर काही झालं का?"

त्याला वाटलं होतं आधी इकडचं तिकडचं बोलावं, मग हळूच विषय काढावा. पण ते जमलं नाही. "बाबांनी माझ्यासाठी साक्ष दिली ना," तो म्हणाला, "तेव्हा पत्र आलेलं होतं. तीन दिवस आधी आलं होतं. मी सांगितलं नाही."

तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"ऐकतेयस ना? बाबांच्या उपकार मानण्याने ते आलं नाही. म्हणजे देवानेच दिलं असेल, मला ठाऊक नाही. पण बाबा म्हणतात तसं झालं नाही. तू त्याच्या भरवशावर बसू नकोस. ती गाठ तपासून घे. मी आमेन म्हणालो ते चुकलो. मी बघितलं नव्हतं, विचारलं नव्हतं, किती मोठी आहे, कधीपासून आहे, काहीच नाही. नुसतं म्हणालो." तो एका दमात बोलत होता आणि शेजारून जाणारी माणसं त्या अनोळखी भाषेकडे वळून बघत होती. "बहुतेक वेळा काही नसतं, ताई. खरंच नसतं. पण बघितल्याशिवाय ते कुणीही सांगू शकत नाही. मीसुद्धा नाही."

बंद दारापलीकडून मुलांचा आवाज येत होता. मग ताई म्हणाली, "तू शेवटचा होतास."

"काय?"

"आमेन म्हणायला. बाबा म्हणाले, हे म्हणाले. मग मला म्हणावंच लागलं, त्या दोघांची तोंडं बघून. माझ्या मनात होतं, आता हा उरलाय. हा रोज हेच बघतो. हा म्हणणार नाही. हा गप्प बसला की मी बाबांना सांगेन, बघा, त्यालाही वाटतंय जावं म्हणून." तिचा आवाज चिरकला. "आणि तू तर सगळ्यांपेक्षा मोठ्यांदा म्हणालास रे."

त्याने तोंडावर हात धरला. बाबांच्या लकेरीने या वेळी मदतीला यायचं नाव काढलं नाही. शेवटी तो नुसतं "ताई" म्हणाला, मग आणखी एकदा म्हणाला.

"रडू नकोस," ती म्हणाली. स्वतः रडत होती. "मलाही कुठे धीर झाला? आईसारखीच बसले झाकून. रोज अंघोळीला गेले की हात लावून बघते, आणि मग उपकार मानते. एका हाताने हे, एका हाताने ते. वेड लागायची पाळी आलीय."

"बाबांना मी सांगतो. पत्राचंही सांगतो."

"मोडतील ते."

"चिडतील," तो म्हणाला. आणि पुढचं वाक्य बोलता बोलताच त्याला कळलं, आधी ठरवलेलं नव्हतं. "पण देव काही बाबांच्या साक्षीवर उभा नाही, ताई. ती खोटी ठरली म्हणून तो बाबांना सोडून जायचा नाही. आईच्या वेळी सोडलं असं त्यांना वाटतं, म्हणून तर हे सगळं चाललंय."

ताईने नाक पुसल्याचं ऐकू आलं. "मग आत्ता प्रार्थना कर," ती म्हणाली. "बाबांच्यासारखी नको."

"मला येत नाही."

"मला तरी कुठे येते. कर."

त्याने डोळे मिटले नाहीत. समोर रस्ता होता, एक माणूस शिडी खांद्यावर घेऊन चालला होता. "देवा," तो म्हणाला आणि थांबला. तिकडे ताई थांबली होती. "देवा, ताईच्या छातीत गाठ आहे. ती कसली आहे ते आम्हाला ठाऊक नाही. आम्हाला भीती वाटतेय." पुढे काही नव्हतं. त्याने शोधलं, पण खरोखरच काही नव्हतं, आणि त्याने त्यात भर घातली नाही. थंडी पायरीतून वर अंगात चढत होती आणि फोनमधून ताईचा श्वास ऐकू येत होता, आधी तुटक, मग जरा लांब.

"बाळ्या," ती हळूच म्हणाली. "ती सुई दुखते का रे?"

नऊ वर्षं तो या प्रश्नाला एकच उत्तर देत आला होता, इस्पितळाच्या बाकावर बसलेल्या कितीतरी बायकांना, त्यांच्याकडे न बघता. ते उत्तर आत्ताही जिभेवर आलं होतं.

"दुखते," तो म्हणाला. "अगदी थोडा वेळ, पण दुखते."

"बरं," ताई म्हणाली. "मग उद्याच जाते."